नमुना आणि दुरुस्ती



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळवला तो असा : वरून आलेला नमुना खाली बसवायचा, पण खाली झालेली दुरुस्ती त्याने पुसू द्यायची नाही, हे कसे साधावे? हा विषय संगणकवाल्यांचा आहे खरा. पण तो आमचाही आहे, आणि ज्याच्या घरी चार नियम आणि एक अपवाद आहे अशा प्रत्येकाचा आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि कायद्याची पुस्तके उधार आणून वाचण्यात झाले. तेव्हा चूकभूल आपण सांभाळून घ्यावी.

प्रथम एक घरगुती उदाहरण घेऊ. चाळीचा मालक चांगला असतो. तो दर दिवाळीला सगळ्या खोल्यांना सारखा चुना मारून देतो. भिंती स्वच्छ होतात, ढेकूण जातात, भाडेकरू खूष होतात. पण एका खोलीच्या दारामागे आईने पोरांच्या उंचीच्या रेघा ओढलेल्या असतात. थोरल्याची, मधल्याची, सालवार. रंगाऱ्याचा कुंचला फिरतो आणि रेघा जातात. रंगारी दुष्ट नव्हता. त्याला सांगितलेच नव्हते, की भिंतीवरचा डाग निराळा आणि भिंतीवरची नोंद निराळी. आजच्या आमच्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे. आता ते कारखान्यात कसे घडले ते सांगतो.

दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. खालापूर तालुक्यातला एक कारखाना. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. त्याची कचेरी दूर शहरात, आणि कारखाने ठिकठिकाणी. आमच्या कारखान्यातले बरेच कामगार कर्जत बाजूचे. कोणी कर्जतला, कोणी पळसदरीला, कोणी केळवलीला गाडीत चढणारे. कर्जत-खोपोली गाडी ही मुंबईच्या लोकलसारखी पाच-पाच मिनिटांनी येणारी नव्हे. ती चुकली की पुढच्या गाडीची वाट पाहत बसावे लागते. आणि पावसाळ्यात ती आपली आपणच चुकते. काही जण तर वाड्यांवरून ओढे ओलांडून पायी येणारे. म्हणून आम्ही करारात एक कलम घालून घेतले होते : जून ते सप्टेंबर पहिल्या पाळीला अर्ध्या तासाची सवलत. दहा मिनिटांच्या ऐवजी तीस. या वीस मिनिटांसाठी दोन वर्षे वाटाघाटी केल्या होत्या.

त्या वर्षी फाटकावर बोट टेकवून हजेरी देण्याचे नवे यंत्र बसले. यंत्रात कचेरीकडून आलेली सेटिंगची फाईल होती, आणि तीत सवलत दहा मिनिटे. आमच्या टाइमकीपरने करार पाहून दहाचे तीस केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दहा. लोकांचा अर्धा दिवस कापला गेला. त्याने पुन्हा तीस केले. दुसऱ्या सकाळी पुन्हा दहा. पगाराच्या दिवशी चिठ्ठ्या हाती पडल्या आणि गलका झाला.

बंधुभगिनींनो, इथे आमच्या हातून जी चूक झाली ती आम्ही लपवणार नाही. आम्ही फाटकावर सभा घेतली आणि सांगितले, की टाइमकीपर दिवसा आम्हांला तीस दाखवतो आणि रात्री मालकासाठी दहा करतो. तो मनुष्य कारकून वर्गातला, संघटनेचा सभासद नव्हे. त्याने सांगून पाहिले, "भाई, मी संध्याकाळी बदलून जातो. सकाळी ते आपोआप फिरलेले असते." आम्ही हसलो. आपोआप फिरते म्हणे! त्याच्याशी लोकांनी बोलणे टाकले. त्याच्या डब्याला कोणी शेजारी बसेना.

आमच्या एका सभासदाचा मुलगा नवी मुंबईत संगणकाच्या कामावर होता. तो सुट्टीला आला असता बापाने त्याला आमच्याकडे आणले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला : "काका, काय बदलले आणि केव्हा बदलले, हे कोणी लिहून ठेवले आहे का?" आम्ही नाही म्हणालो. मग टाइमकीपरलाच विचारायला गेलो. त्याने टेबलाच्या खणातून जुनी डायरी काढली. पाठीमागच्या पानांवर एकोणीस नोंदी होत्या. तारीख, वेळ, "10 चे 30 केले", आणि खाली सही. एकोणीस संध्याकाळी त्या माणसाने आमचे कलम यंत्रात लिहिले होते, आणि एकोणीस रात्री कोणीतरी ते पुसले होते. त्या पुसणाऱ्याला हातच नव्हते.

मुलाने उलगडा केला. ज्यांना शेकडो यंत्रे सांभाळायची असतात, त्यांना प्रत्येक यंत्रापाशी जाऊन बसणे शक्य नसते. म्हणून प्रत्येक यंत्र कसे असावे ते एका जागी लिहून ठेवतात, आणि एक अवजार वारंवार फेरी मारून ताडून पाहते. फरक दिसला की ते यंत्राला लिहिल्याप्रमाणे करून टाकते. अशा अवजारांतले एक आद्य अवजार, सीएफएंजिन, मार्क बर्जेस यांनी 1993 साली नॉर्वेत ऑस्लो येथे केले. पुढे 2005 साली ल्यूक कॅनीज यांचे पपेट आले, आणि 2012 साली मायकेल डीहान यांचे ऍन्सिबल. पपेट तर, निराळे सांगितले नसेल, तर दर अर्ध्या तासाने फेरी मारते. आमच्याकडची फेरी रात्रीची होती. अवजाराला दहा अपेक्षित, दिसले तीस; त्याने दहा केले. त्याच्या लेखी दुरुस्ती आणि बिघाड यांत काही फरक नव्हता.

आता कोणी म्हणेल, मग ही अवजारे जाळून टाका. तसे आम्ही म्हणणार नाही. एकसारखेपणा ही कामगारांची शत्रुत्वाची गोष्ट नव्हे. खोपोलीचे वीजघर 1915 साली सुरू झाले. आज देशभरच्या विजेच्या जाळ्यात 50 आवर्तनांचे प्रमाण पाळले जाते. खोपोलीने जर ठरवले, की आम्ही आमच्या मर्जीने निराळे चालवू, तर दिवे कोणाच्याच घरी नीट लागणार नाहीत. आणि आमच्या चळवळीचेच पाहा. एके काळी प्रत्येक गिरणीचा नियम म्हणजे त्या गिरणीच्या व्यवस्थापकाची लहर होती. 1928 साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला; त्यानंतर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली जी चौकशी समिती बसली, तिच्यापुढे स्थायी आदेशांचा, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांचा, प्रश्न होता. 1946 साली औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायदा झाला. त्याने सांगितले, की हजेरी, उशीर, रजा, पाळ्या, शिक्षा यांचे नियम लिहा, अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्या, आणि कामगारांना समजेल अशा भाषेत फाटकाजवळ फलकावर लावा. त्या कायद्याखाली सरकारने एक नमुनाही केला. संगणकवाले ज्याला डिफॉल्ट म्हणतात, तो हाच : कोणी काही ठरवले नसेल तेव्हा लागू होणारा नियम.

तेव्हा नमुना पाहिजे. प्रश्न इतकाच, की ज्या ठिकाणी आधीच काही लिहिलेले आहे तेथे त्याने कसे वागावे.

यावर पहिला उपाय मुलाने सांगितला तो सर्वांत सोपा आहे. अवजाराला सांगायचे, फाईल नसेल तर ठेव, असेल तर हात लावू नकोस. ऍन्सिबलमध्ये फाईल ठेवण्याच्या आज्ञेत 'फोर्स' या शब्दापुढे 'नो' लिहिले, किंवा पपेटमध्ये 'रिप्लेस'पुढे 'फॉल्स' लिहिले, की काम झाले. एक शब्द! आमचे एकोणीस दिवसांचे रामायण त्या एका शब्दावाचून झाले होते.

हे ऐकताना आम्हांला आमच्या कायद्याचे एक कलम आठवले. 1957 च्या मुंबई दुरुस्तीने 1946 च्या कायद्यात 2अ हे कलम घातले. त्याचा आशय असा, की हा कायदा लागू असलेल्या कारखान्यांना नमुना स्थायी आदेश सरकारने नेमलेल्या तारखेपासून लागू होतील. मात्र पुढे एक परंतुक होते : ही दुरुस्ती येण्यापूर्वी ज्या कारखान्याचे स्थायी आदेश अंतिमतः प्रमाणित होऊन अमलात आले आहेत, त्यांना याने बाधा येणार नाही. फाईल नसेल तर ठेव, असेल तर हात लावू नकोस. जी गोष्ट कायद्याच्या लेखणीला साठाहून अधिक वर्षांपूर्वी सुचली होती, ती आमच्या हजेरीच्या यंत्राला कोणी शिकवली नव्हती.

कचेरीने तो एक शब्द घातला, कापलेले पैसे परत दिले, आणि आम्ही पेढे वाटले. पण गोष्ट येथे संपत नाही, आणि शिकण्यासारखे खरे तर पुढेच आहे.

पुढल्या वर्षी तिसऱ्या पाळीची तक्रार आली. रात्री बारा वाजता तारीख बदलते. यंत्र पाळीचे दोन तुकडे करी, आणि जादा तासांची बेरीज चुके. कचेरीला ही चूक कळली होती, आणि त्यांनी नमुना फाईल सुधारून सगळीकडे पाठवली होती. सगळ्या कारखान्यांत ती पोचली, आमच्यात नाही. का? कारण आम्हीच सांगितले होते, हात लावू नकोस. आमची वीस मिनिटे वाचली, पण त्या कुलपाआड बारा वाजताची चूकही सुरक्षित राहिली. जो दरवाजा चोराला बंद केला, तो डॉक्टरलाही बंद झाला.

कायद्यालाही हाच अनुभव आला. जुने प्रमाणित आदेश असलेल्या कारखान्यांत बदली, हंगामी आणि परीक्षाकाळातील कामगारांसाठी नमुन्यात पुढे जी भर पडली, ती पोचेना. तेव्हा 2अ कलमाला दुसरे पोटकलम जोडावे लागले, की या वाढीव बाबींपुरता नवा नमुना जुन्या आदेशांच्या कारखान्यांनाही लागू होईल; मात्र प्रमाणन अधिकाऱ्याच्या मते तो त्या कामगारांना आधीच्यापेक्षा कमी फायद्याचा असेल तर नाही. पाहा, किती बारीक विचार आहे. सगळे पुसा असेही नाही, कशालाच हात लावू नका असेही नाही. दोन्ही शेजारी ठेवा, आणि माणसाने पाहून ठरवावे.

संगणकाच्या जगात डेबियन नावाची एक व्यवस्था आहे, तिची रीत याच जातीची आहे. ती फाईल बसवताना मूळ फाईलचा ठसा जपून ठेवते. नवी आवृत्ती आली की तीन गोष्टी पाहते : मूळ नमुना काय होता, नवा नमुना काय आहे, आणि जागेवर आज काय आहे. जागेवर कोणी काही बदलले नसेल, तर नवा नमुना मुकाट्याने बसवते. जागेवर बदल आहे पण नमुना तोच आहे, तर जागेवरचे तसेच ठेवते. आणि दोन्ही बदलले असतील, तर थांबते आणि माणसाला विचारते. माणसाने काही न लिहिता नुसती कळ दाबली, तर जागेवरचेच राखते. आम्हांला ही रीत फार सभ्य वाटली. ज्याला माहीत नाही त्याने विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर पुसू नये.

आमच्या कारखान्यात शेवटी तिसरी रीत ठरली. एकाच फाईलवरचे भांडण मिटवायचे, तर फाइली दोन कराव्या. एक कचेरीची, ती कचेरीने खुशाल रोज बदलावी, आमच्या टाइमकीपरने तिला शिवू नये. दुसरी कारखान्याची, तिच्यात फक्त फरक लिहायचा, आणि यंत्राने ती नंतर वाचायची. जिथे दुसरीत काही लिहिले आहे तिथे दुसरीचे खरे, बाकी सर्व पहिलीचे. आमच्या दुसऱ्या फाइलीत एकच ओळ होती : जून ते सप्टेंबर, पहिली पाळी, तीस मिनिटे. आणि तिच्या वर, यंत्र वाचत नाही पण माणूस वाचतो अशी टीप : कोणत्या कराराचे कोणते कलम, कोणत्या तारखेपासून. ती टीप टाइमकीपरने सुचवली होती. बारा वाजताची सुधारणा त्याच आठवड्यात आली, आणि वीस मिनिटेही राहिली.

येथे एक इशारा दिला पाहिजे. मागाहून झालेला प्रत्येक बदल पवित्र असतो असे आम्ही म्हणत नाही. नेमणूकपत्रात गुपचूप एक ओळ घालणे हाही बदलच आहे. 1973 साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. स्थायी आदेशात परीक्षाकाळ दोन महिन्यांचा, आणि एका पहारेकऱ्याशी केलेल्या खास करारात सहा महिन्यांचा. न्यायालयाने सांगितले, की स्थायी आदेशाशी विसंगत असा हा खाजगी करार चालणार नाही. म्हणजे बदल राखावा की पुसावा हे तो केव्हा झाला यावरून ठरत नाही. कोणी केला, कोणाच्या संमतीने केला, आणि कोठे लिहिला, यावरून ठरते. आमची वीस मिनिटे दोन्ही बाजूंच्या सह्यांची होती. टाइमकीपरने जर आपल्या मेहुण्यासाठी तीसचे साठ केले असते, तर रात्रीच्या त्या फेरीला आम्हीच हार घातला असता.

आणखी एक. बदल करण्यापूर्वी सांगावे. औद्योगिक विवाद कायद्यात 1956 साली 9अ कलम आले, त्याने कामाचे तास, पाळ्या, चालत आलेल्या सवलती यांत बदल करण्यापूर्वी 21 दिवसांची नोटीस देणे मालकावर बंधनकारक केले. संगणकाच्या अवजारांतही अशी सोय असते. ऍन्सिबलला सांगता येते, की प्रत्यक्ष काही करू नकोस, काय करणार आहेस तेवढे दाखव. ही कोरडी तालीम कचेरीत कोणी एकदा पाहिली असती, तर "आमच्या कारखान्यात तीसचे दहा होणार" ही ओळ तिथे दिसली असती, आणि कोणीतरी दूरध्वनी उचलून विचारले असते.

आता आपण विचाराल, ही जुनी कथा आज सांगण्याचे कारण काय? कारण आजच मोठा चुना मारण्याची वेळ आली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली, आणि 1946 चा तो कायदा आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात विलीन झाले. बदलाची 21 दिवसांची नोटीस संहितेतही आहे. नमुना स्थायी आदेश करण्याचे काम आता केंद्र सरकारकडे आहे. जुने प्रमाणित आदेश संहितेशी विसंगत नसतील तेवढे चालू राहतात, अशी तरतूदही तीत आहे. पण विसंगत काय आणि सुसंगत काय, हे कोणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले तरच ठरणार. पूर्वी महाराष्ट्रात 50 कामगारांच्या कारखान्यालाही स्थायी आदेश लागत. संहितेत ही मर्यादा 300 वर गेली आहे. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत त्यामुळे कराराचा कागद हीच पुष्कळदा एकमेव फाईल उरेल. ती हरवली, तर मागे नमुनाही नाही.

म्हणून येथे जमलेल्या कामगारांना, आणि ज्यांच्या घरचे कोणी कारखान्यात जाते त्या सर्वांना, आमचे तीन गोष्टींचे सांगणे आहे. आपल्या कारखान्याच्या प्रमाणित आदेशांची आणि सर्व करारांची प्रत मिळवून संघटनेच्या कपाटात ठेवा. नमुन्याहून आपले निराळे काय आहे तेवढेच एका वहीत उतरा, प्रत्येक ओळीपुढे करार, कलम आणि तारीख घाला. आणि नवा नमुना आला की ओरडण्यापूर्वी ती वही त्याच्या शेजारी उघडा. जे नव्यात चांगले आहे ते घ्या, आपले जे सहीने मिळवलेले आहे ते सोडू नका.

टाइमकीपर पुढे निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला फाटकावर सभा झाली; ज्या जागेवरून आम्ही त्यांना खोटे म्हटले होते त्याच जागेवरून त्यांची जाहीर माफी मागितली. ते म्हणाले, "भाई, माफी राहू द्या. त्या वेळी माझी वही मागितली असतीत तर बरे झाले असते." याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. यंत्राने विचारले नाही म्हणून आम्ही यंत्राला नावे ठेवली; आम्हीही विचारले नव्हते. ती डायरी आज संघटनेच्या कपाटात आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी केव्हाही यावे.